ख्रिसमस कुकीज घरीच करताय? आधी काजू चाखून बघा! निवड, भाजणी, सजावट आणि अॅलर्जीबद्दल सगळं काही

हातखंबा (रत्नागिरी) : डिसेंबर उजाडला की बेकऱ्यांच्या काचेआड चांदणीच्या आकाराच्या कुकीज दिसू लागतात. त्यातला सगळ्यात महाग घटक म्हणजे काजू, आणि कोकणात तो दारात पिकतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे मिळतात त्या हातखंब्याच्या परिसरात कोकण मेव्याच्या दुकानातून काजू घ्यायचे आणि कुकीज घरीच भाजायच्या, हे सहज जमण्यासारखं आहे. मात्र काजू कोणता घ्यायचा, कुकीज नरम का पडतात आणि शेजारी ताट पाठवण्याआधी काय विचारायचं, हे माहीत हवं.

डिसेंबरमधला काजू ताजा असतो का?

नाही. काजूला साधारण डिसेंबरच्या सुमारास मोहर येतो आणि बिया फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत मिळतात. म्हणजे ख्रिसमसला हातात येणारा गर सात-आठ महिने आधीच्या हंगामातला असतो. काजूत जवळपास ४५ टक्के स्निग्धांश असतो. हवा, उष्णता आणि प्रकाश लागला की हे तेल खराब होऊन काजू खवट लागतो. भाजल्यावर हा वास जात नाही, उलट सगळ्या कुकीजना लागतो. म्हणून विकत घेताना एक काजू चावून बघाच.

डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० म्हणजे काय?

हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे काजू बसतात त्याची संख्या. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि महाग. डब्ल्यू १८० सगळ्यात मोठ्यांपैकी एक. कुकीजच्या पिठात काजू कुटूनच जाणार असल्याने अख्ख्या काजूवर पैसे घालवू नका. पाकळी किंवा तुकडा स्वस्त पडतो आणि चवीत फरक नसतो. वर लावायला तेवढे मोजके अख्खे काजू घ्या.

घरच्या झाडाच्या बिया ओव्हनमध्ये भाजता येतील?

अजिबात नको. बीच्या टरफलात त्वचा भाजणारा चीक असतो. तापल्यावर तो उडतो, त्याच्या धुराने डोळे आणि घसा चुरचुरतो. बंद स्वयंपाकघरात हा प्रयोग धोक्याचा आहे. टरफल काढलेला गरच वापरा.

साहित्य (साधारण १८ ते २० कुकीज)

- मैदा १५० ग्रॅम
- काजू ७५ ग्रॅम (५० ग्रॅमची भरड पूड, २५ ग्रॅमचे बारीक तुकडे)
- साजूक तूप ९० ग्रॅम
- पिठीसाखर ७५ ग्रॅम
- बेकिंग पावडर पाव चमचा, वेलची पूड पाव चमचा, चिमूटभर मीठ
- दूध १ ते २ चमचे, लागलं तरच

कृती

१. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटा. पातळ तूप घेऊ नका.

२. मैदा, बेकिंग पावडर, मीठ चाळून घाला. काजू आणि वेलची घालून गोळा होईल इतपतच एकत्र करा. कणकेसारखं मळलं की कुकीज चिवट होतात.

३. गोळा झाकून ३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कोकणात डिसेंबरमध्येही दुपारी उकडतं. तूप मऊ असेल तर ट्रेमध्ये कुकीज पसरतात.

४. ओव्हन १० मिनिटं आधी तापवा. १६० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटं भाजा. कडा फिकट सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना त्या मऊच लागतात, निवल्यावर कडक होतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवा. झाकण लावून १० मिनिटं तापवा आणि मंद आचेवर भाजा. वेळ थोडा जास्त लागतो.

चांदणी किंवा झाडाचा आकार कापायचा असेल तर तुपाऐवजी ११० ग्रॅम लोणी (बटर) घ्या, दूध वगळा. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बरंचसं पाणी असतं. त्या पाण्यामुळे पीठ जुळून येतं आणि कडा तुटत नाहीत. तुपाच्या कुकीज नानकटाईसारख्या खुसखुशीत, पण आकारात भुसभुशीत.

सजावट : कृत्रिम रंग हवाच का?

१०० ग्रॅम पिठीसाखरेत ३-४ चमचे दूध थेंबथेंब घालून घट्ट आयसिंग करा. गुलाबी रंगासाठी दुधाऐवजी अमृत कोकम वापरा. आगळ नको, त्यात मीठ असतं. दूध आणि कोकम एकत्र केलं तर दूध फाटतं, त्यामुळे दोन्ही वेगळं ठेवा. अनेक पाककृतींत आयसिंगला कच्च्या अंड्याचा पांढरा भाग सांगतात. त्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे लहान मुलं, गर्भवती आणि वृद्ध असतील तर टाळा.

कुकी पूर्ण थंड झाल्यावरच आयसिंग लावा, नाहीतर साखर ओघळते. तीन-चार तास सुकू द्या, मग हवाबंद डब्यात भरा. दमट हवेत उघड्या कुकीज काही तासांत सादळतात. आयसिंग नसलेल्या सादळल्या तर १५० अंशांवर ५ मिनिटं पुन्हा भाजा.

ताट पाठवण्याआधी हा प्रश्न विचारा

गोवा, सावंतवाडी, वसईतल्या ख्रिस्ती घरांतून नाताळात नेवऱ्या, कुलकुलं, दोस यांचं ताट शेजारी जातं. कुकीजही अशाच वाटल्या जातात. म्हणून देताना "काजू-बदामाची अॅलर्जी कुणाला आहे का?" हे विचारा. भाजल्याने अॅलर्जीचा धोका जात नाही. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत, त्यामुळे एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होण्याची शक्यता मोठी असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे काजू किंवा मोठे तुकडे देऊ नका, घशात अडकू शकतात. त्यांच्या कुकीजमध्ये फक्त बारीक पूड घाला.

विकायच्या असतील तर?

व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन घरातून विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून १४ अंकी क्रमांक घ्यावा लागतो. पाकिटावर घटकांची यादी आणि काजू, गहू, दूध यांसारख्या अॅलर्जीकारक पदार्थांची नोंद हवी. अंडं वापरलं असेल तर हिरवं नाही, मांसाहारी पदार्थाचं तपकिरी चिन्ह लागतं.

पहिल्यांदाच करत असाल तर एकदम मोठा घाट घालू नका. आधी चार कुकीज भाजून बघा. तुमच्या ओव्हनला किती मिनिटं लागतात ते कळलं की उरलेला ट्रे आत सरकवा.