माहिती चौकट : ‘निंगेन शिक्काकू’ हाती घेण्याआधी

ओसामू दाझाई यांची ही जपानी कादंबरी 1948 सालची. डोनाल्ड कीन यांचा इंग्रजी अनुवाद 1958चा. नायक ओबा योझो. माणसांची भीती वाटते म्हणून तो लहानपणापासून विदूषकी करून घरच्यांना आणि वर्गाला हसवत राहतो. शाळेत कसरतीच्या तासाला तो मुद्दाम पडतो. सगळे हसतात, पण ताकेइची नावाचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा ते सोंग ओळखतो. माझ्या मते कादंबरीतली खरी दहशत याच क्षणी आहे. दारू, मॉर्फिन, मनोरुग्णालय हे सगळं नंतरचं.

दाझाईंनी स्वतः 1936 मध्ये व्यसनापायी मनोरुग्णालयात दिवस काढले होते. कादंबरी मासिकातून क्रमशः येत असतानाच, जून 1948 मध्ये, वयाच्या 38व्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

मराठीत जवळची म्हणावी ती भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963). खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या पांडुरंग सांगवीकरचं तुटलेपण शिरूर-दौंडहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलामुलींना सांगावं लागत नाही. मात्र पांडुरंगला परतायला गाव आहे, योझोला तेही नाही. म्हणून आधी ‘कोसला’ वाचा, मग दाझाई.

मन आधीच खचलेलं असेल तर हे पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि घरच्या कुणाशी तरी बोला. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.