श्वासयंत्राची राखीव बॅटरी
झोपेत घशाचा मार्ग मिटून ज्यांचा श्वास वारंवार अडतो, त्यांना मुखवट्यावाटे दाबयुक्त हवा देण्याचा उपाय कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली सिडनीहून प्रसिद्ध केला. वीज गेली की यंत्राचा पंखा थांबतो आणि श्वास पुन्हा अडू लागतो. राखीव बॅटरी हवी ती याकरिता.

ती केवळ अँपिअर-तास पाहून घेऊ नये. त्यांस व्होल्टने गुणावे, म्हणजे वॅट-तास मिळतात. ३० वॅटच्या यंत्रास ८ तासांत २४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत ४८० असतात खरे. परंतु निम्म्याहून अधिक रिकामी होणे तिला मानवत नाही, म्हणून रात्र जेमतेम निघते. त्यातच हवा दमट करणारा तापक चालू राहिला, तर पहाटेपूर्वीच साठा आटतो. बॅटरीवर असताना तो बंद ठेवावा. घसा थोडा कोरडा पडेल, इतकेच.