पाया रचणारा आणि सही करणारा

ग्रामोफोनच्या तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद वीतभरही रुंद नसतो. परंतु त्यावर कोणाचे नाव छापले जाते, यावर माणसांची आयुष्ये फिरतात. १९६४ साली इंग्लंडमध्ये ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ ही तबकडी निघाली. गीत पारंपरिक, कर्ता अज्ञात. न्यूकॅसलच्या ‘द ॲनिमल्स’ या संचातील पाच तरुणांनी ते नव्याने बांधले, लंडनच्या एका स्टुडिओत एकाच दमात ध्वनिमुद्रित केले आणि काही महिन्यांतच ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत ते पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. अशा पारंपरिक गीताचे स्वामित्वधन त्याची बांधणी करणाऱ्याला मिळते. कागदावर मात्र त्या जागी ऑर्गनवादक ॲलन प्राइस या एकट्याचेच नाव आले. पाच नावे मावत नाहीत, असे कारण तेव्हा देण्यात आले, असे त्याचे सहकारी पुढे सांगत. पैसा एकाच्या घरी गेला. उरलेल्या चौघांपैकी एक होता बासवादक चास चँडलर.

बास गिटार हे मंद्र स्वरांचे वाद्य. श्रोत्याचे लक्ष गायकाकडे आणि मुख्य गिटारकडे असते. बास ऐकू येण्यापेक्षा जाणवतो अधिक. पण तो थांबला, की सारी इमारत डळमळू लागते. अशा वाद्यापाशी बसणारा माणूस एक गोष्ट नकळत शिकतो : कोण केव्हा पुढे यावे, कोणी केव्हा थांबावे, याचा हिशेब. १९३८ साली न्यूकॅसलच्या हीटन भागात जन्मलेल्या चँडलरने संगीताकडे वळण्यापूर्वी जहाजबांधणीच्या कारखान्यात टर्नर म्हणून काम केले होते. धातूचा एक केस जास्त कापला गेला, तर सारा तुकडा वाया जातो, हा धडा त्याच्या अंगी आधीच मुरलेला होता.

१९६६ साली मूळ ‘ॲनिमल्स’चा संच विस्कटला, तेव्हा जगभर गाजलेल्या या वादकाच्या गाठीला फारसे काही उरले नव्हते. याच सुमारास न्यूयॉर्कच्या ‘कॅफे व्हा?’ या उपाहारगृहात त्याने जिमी हेंड्रिक्स हा २३ वर्षांचा, जवळजवळ अज्ञात गिटारवादक ऐकला. ‘हे जो’ हे गीत इंग्लंडमध्ये कोणाकडून तरी ध्वनिमुद्रित करून घ्यावे, असे चँडलरच्या मनात आधीपासून होते. नेमके तेच गीत हेंड्रिक्स वाजवत होता. सप्टेंबर १९६६ मध्ये चँडलरने त्याला लंडनला आणले, आपल्या बिऱ्हाडात ठेवून घेतले, साथीला दोन वादक मिळवून दिले. भांडवल कोठून आणले? स्वतःची बास गिटारे विकून. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उद्योजकाची व्याख्या ‘जोखीम पत्करणारा’ अशी केलेली असते. श्रमिकाने आपली अवजारे विकून उद्योजक व्हावे, याहून त्या व्याख्येचे ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

हा पैसा थोडा होता, आणि त्या थोडकेपणातूनच चँडलरची निर्मितीपद्धती घडली. स्टुडिओचे भाडे तासावर. म्हणून गाणी आधी घरीच बसवायची, स्टुडिओत केवळ पक्की करायची. ‘द विंड क्राइज मेरी’ हे गीत एका सत्राच्या अखेरीस उरलेल्या सुमारे वीस मिनिटांत मुद्रित झाले. डेक्का कंपनीने नाकारलेला हा वादक वर्षभरात ब्रिटनमध्ये घरोघर पोचला. १९६७ मध्ये त्याच्या दोन दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. दोहोंचा निर्माता चँडलरच होता.

परंतु कागदाने पुन्हा एकदा आपला हिसका दाखवलाच. इंग्लंडला येण्यापूर्वी, १९६५ मध्ये, हेंड्रिक्सने न्यूयॉर्कच्या एका निर्मात्याशी एक डॉलर आणि एक टक्का स्वामित्वधन एवढ्यावर तीन वर्षांचा करार केला होता. चँडलरने जुने करार सोडवून घेतले. या कराराचा उल्लेख मात्र हेंड्रिक्सने केलाच नव्हता. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तडजोडीपोटी एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका द्यावी लागली. प्रतिभावंताच्या एका सहीची ही किंमत.

१९६८ मध्ये ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’चे काम न्यूयॉर्कमध्ये चालू होते. आता पैशाची चणचण नव्हती. एकेक गीत चाळीस-पन्नास वेळा वाजवले जाई. स्टुडिओत हौशागवशांची गर्दी असे. काटकसरीवर वाढलेल्या चँडलरला हे असह्य झाले. तो काम अर्धवट सोडून निघून गेला आणि आपला वाटा त्याने भागीदार मायकेल जेफरी याला विकला. येथे चँडलरची बाजू घेण्याचा मोह होतो. परंतु सत्य असे, की निर्माता म्हणून हेंड्रिक्सचे नाव मिरवणारी तीच ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. काटकसर कलेचा पाया घालू शकते. कळस चढवण्यासाठी कधीकधी उधळपट्टीच लागते, हे चँडलरच्या हिशेबात बसले नाही. हेंड्रिक्स मात्र १९७० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, लंडनमध्ये मरण पावला.

१९६९ मध्ये चँडलरने इंग्लंडच्या मध्य भागातील चार तरुणांचा संच हाती घेतला. तोच पुढे ‘स्लेड’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांना त्याने आग्रहाने सांगितले, की गाणी दुसऱ्याची गाऊ नका, स्वतः लिहा. या आग्रहात कलेचा विचार होता, तसाच १९६४ च्या त्या गोल कागदाचा डंखही असावा. १९७१ ते १९७३ या काळात ‘स्लेड’ची सहा गीते ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. त्यांतले नाताळचे गीत आजही दर डिसेंबरात वाजते आणि त्याचे स्वामित्वधन दर वर्षी येत राहते.

मात्र कोणाकडे? ‘स्लेड’च्या बहुतेक गाजलेल्या गीतांवर नावे दोघांची आहेत : गायक नॉडी होल्डर आणि बासवादक जिम ली. या वेळी बासवादक कागदावर आला. दुसरा गिटारवादक आणि ढोलवादक बाहेर राहिले. म्हणजे खुर्च्यांवरची माणसे बदलली, खुर्च्यांची मांडणी तशीच राहिली. शब्द आणि चाल यांना कायदा संपत्ती मानतो. तालाचा ठेका, मंद्राची चाल, गाण्याला आकार देणारी साथ यांना तो प्रायः मजुरी समजतो. अन्याय सोसलेल्या एका हुशार माणसाने पलीकडच्या बाजूला जाऊन बसावे, यात त्याचा उत्कर्ष आहे. अन्यायाचे निवारण नाही. ते व्हायचे, तर पाचही नावे मावतील एवढा कागद मोठा करावा लागेल.

चँडलरने अखेरचे मोठे काम आपल्याच गावी केले. दहा हजारांवर प्रेक्षक मावतील असे सभागृह न्यूकॅसलमध्ये उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. १९९५ मध्ये ते खुले झाले. पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९९६ रोजी, तो गेला. त्या सभागृहात आजही गायकावर झोत पडतो, आणि मागे अंधारात उभा असलेला कोणी बासवादक साऱ्या गाण्याचा भार उचलीत असतो. त्याचे नाव कागदावर आहे की नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी सहसा विचारीत नाही.