खुर्च्यांना हात लावू नये, ही विनंती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच मंडळींच्या गणपतीत एका प्रेमळ बाईंनी आमच्या थोरल्याच्या हातात रंगवायची वही आणि खडू ठेवले आणि त्याला लहान मुलांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. त्याचं वय तेव्हा ३४, दाढीत एखाददुसरा पांढरा केस. त्याची बौद्धिक वाढ लहानपणापासूनच मंद, बोलणं मोजकं. त्याने वही शेजारच्या चिमुरडीला देऊन टाकली, उठला आणि हॉलभर खुर्च्या लावत सुटला. मी त्याला ओढून आणायला निघाले, तर हे म्हणाले, "अगं, रांग किती सरळ आहे ती बघ तरी!"

ज्यांच्या घरी असं मूल मोठं झालं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बेत आखण्याआधी, आपण काहीच सांगितलेलं नसताना हा माणूस काय करतो ते बघावं. पंधरा दिवस मी कॅलेंडरवर टिपणं ठेवली. रेल्वे फाटकाची घंटा ऐकली की थांबणं, सुपरमार्केटच्या ट्रॉल्या जागेवर नेऊन लावणं, चमचे आकारांप्रमाणे मांडणं. दर शनिवारी आम्ही त्याला हौसेने न्यायचो ते बोलिंग त्यात कुठेच नव्हतं! ते आम्हाला सोयीचं होतं, इतकंच.

मग निवड. "काय आवडेल तुला?" या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं : "हो." म्हणून मी दोन फोटो पुढे ठेवते, आगगाडी आणि पोहण्याचा तलाव, आणि गप्प बसते. हे गप्प बसणंच कठीण. बोट ठेवायला त्याला चांगलं अर्धं मिनिट लागतं. थोड्या वेळाने फोटोंची अदलाबदल करून पुन्हा विचारते, कारण कधीकधी तो नुसताच उजवीकडचा फोटो दाखवतो.

आगगाडी म्हणजे बेलग्रेव्हहून सुटणारी 'पफिंग बिली', वाफेच्या इंजिनाची. पहिल्या खेपेला आम्ही गाडीत बसलोच नाही. शिट्टी ऐकली, डबा खाल्ला, परतलो. दुसऱ्या खेपेला कान झाकायचे हेडफोन नेले. तिसऱ्या खेपेला तो आपण होऊन डब्यात चढला. घाई केली असती तर गाडीचं नाव कायमचं टाकलं असतं त्याने.

खर्चाचं थोडक्यात सांगते. २०१३ साली सुरू झालेल्या एनडीआयएस योजनेतून, मंजूर आराखड्याप्रमाणे, सोबत येणाऱ्या मदतनिसाच्या तासांचे पैसे मिळू शकतात, पण आपल्या मुलाचं तिकीट सहसा आपणच काढायचं. मदतनिसाच्या तिकिटासाठी 'कंपॅनियन कार्ड' आहे. व्हिक्टोरियात ते २००३ साली आलं. जी ठिकाणं या योजनेत आहेत तिथे सोबत्याला वेगळं तिकीट पडत नाही. आणि मदतनीस मुलाला सोडून आपल्याशीच बोलू लागला, तर त्याला हसून मुलाकडे वळवावं.

स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली मांडलं की या माणसांनाही दिवसाची, आठवड्याची, वर्षाची तीच लय मिळायला हवी जी बाकीच्यांना मिळते. वर्षाची लय आपल्याकडे आयतीच आहे की! संक्रांतीला तिळगूळ वाटणं आता त्याचं काम. एकदा अख्खा डबा पाहुण्यांच्या पायाशी सांडला. मी धावले नाही. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली लिहिलं होतं की सगळा धोका काढून घेतला की माणसाचा मानही जातो. त्याने स्वतः केरसुणी आणली.

कॅलेंडरवरची ती टिपणं मी आता वहीत उतरवते आहे. आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेली. पुढे त्याच्या बहिणीला आणि येईल त्या मदतनिसाला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागू नये. पहिल्या पानावर खुर्च्या आहेत.

यंदा गणपतीला तो आणि हे दोघे सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचणार आहेत. लवकर येणाऱ्यांनी कृपया मदतीला धावू नये. दाराशी उभं राहून गप्पा माराव्यात.