पाऊण किलोचा हिशेब

२०२१-२२ या एका वर्षात देशात १६ लाख १ हजार टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अंदाज आहे. त्यातला ५ लाख २७ हजार टन रीतसर प्रक्रियेला गेला. उरला १० लाख ७४ हजार टन. त्याला १४० कोटींनी भागले तर माणशी पाऊण किलो येतो, म्हणजे साधारण चार मोबाइलांचे वजन. हा पाऊण किलो गेला कुठे, ते मंडळाच्या तक्त्यावरून कळत नाही.

हैदराबादेत याचा माग काढायचा तर आबिड्सपासून निघावे. रविवारी फूटपाथवर जुनी पुस्तके चाळायला जाणाऱ्या मराठी वाचकांना तिथले जगदीश मार्केट ठाऊक असेलच. मोबाइलची विक्री, दुरुस्ती आणि सुटे भाग यांसाठी ते शहरभर ओळखले जाते. अशा दुरुस्तीच्या टेबलावर पाहा: भिंग, हॉट एअर गन, उघडा पडलेला बोर्ड आणि डाखाचे रीळ. त्यावर ६३/३७ असे छापलेले असते, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे. हा डाख १८३ अंशांना वितळतो, बिनशिशाच्या डाखाला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते. नाजूक बोर्ड भाजू नये म्हणून कारागिराला शिशाचाच डाख सोयीचा वाटतो. नव्या उपकरणांत मात्र शिशाची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा ०.१ टक्का आहे.

डाख देताना उठणारा धूर शिशाचा असतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. एवढ्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य होते. धूर असतो फ्लक्समधल्या राळेचा, आणि त्यानेही दमा जडू शकतो. शिसे चिकटते बोटांना. त्याच बोटांनी चहात बिस्किट बुडवले जाते आणि तेच कपडे संध्याकाळी घरी जातात. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट शोषून घेते. शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. अर्थात त्यात वाहनांच्या बॅटऱ्या, रंग, भांडी, भेसळीचे मसाले असे सगळेच आले.

तरीही दुरुस्ती करणाऱ्याला मी या साखळीतला सर्वांत उपयोगी माणूस मानतो. त्याच्या हातून फोन आणखी दोन वर्षे चालला, तर तेवढा कचरा लांबतो. खरा धोका सुरू होतो तो बोर्ड पुरता मेल्यावर, तो किलोच्या भावाने कबाड्याकडे गेला की. एक टन मोबाइलांत साधारण ३०० ग्रॅम सोने असते. खाणीतल्या चांगल्या खनिजात ते टनामागे पाच-दहा ग्रॅमच सापडते. म्हणून दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादेत, घरांच्या आडोशाला बोर्ड तेजाबात बुडवले गेले. तांब्यासाठी वायरी जाळल्या की वरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिन निघते. तेजाब नाल्यात जाते.

धोकादायक कचऱ्याचे दुसरे रूप आबिड्सपासून तीसेक किलोमीटरवर, पाटणचेरूला दिसले. तिथल्या औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध होऊन बाहेर पडत असे. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी त्या 'शुद्ध' पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून ते जास्त होते. अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतू पोसले जातात. तिथे निदान एक पाइप होता, त्याच्या तोंडाशी जाऊन मोजता आले. मोबाइलच्या कचऱ्याला असे एक तोंड नाही, तो पिशव्यापिशव्यांनी निघतो.

१ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ झाले, उत्पादकांना ६० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारे पुनर्चक्रणाचे लक्ष्य मिळाले. पाऊल चांगलेच आहे. पण हे लक्ष्य भरून दाखवायला उत्पादकांना लागणारी प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंच्या वसुलीवर. शिसे, पारा, कॅडमियम किती पकडले, यावर प्रमाणपत्र नाही. ज्याला भाव आहे त्याचीच मोजदाद होते, आणि माझ्या मते या नियमांची ही मोठी उणीव आहे. विषाचाही स्तंभ मंडळाच्या तक्त्यात हवा.

आपल्या हातात मात्र आजच काही आहे. जुना फोन चालू होण्यासारखा असेल तर दुरुस्त करून वापरा. फुगलेली बॅटरी टोचू नका, रद्दीबरोबर देऊ नका. मेलेला फोन नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्या आणि पावती मागून घ्या.