आळंदीतला फेस नेमका येतो कुठून?

आजचा विषय तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. आळंदीला बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर तरंगणारा पांढराशुभ्र फेस. लांबून बर्फ वाटतो. पण त्याच पाण्यात वारकरी आंघोळ करतात, तीर्थ म्हणून ओंजळभर तोंडातही घेतात. म्हणून आज नीट समजून घेऊ, हा फेस बनतो कसा.

नुसत्या पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतो. तो टिकायला सर्फॅक्टंट लागतात. कपड्यांची पावडर, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, सगळ्यांत हेच असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे ते पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जाऊन बसतात आणि बुडबुड्याचा पडदा टिकाऊ करतात. नदी संथ असेल तर हे दिसतच नाही. बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की हवा घुसळली जाते आणि फेस वर येतो. म्हणजे बंधारा फक्त आधीपासून पाण्यात असलेलं उघडं पाडतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फेस हा एरर मेसेज आहे, बग वरच्या अंगाला आहे.

तिथे काय आहे? लोणावळ्याजवळ उगम, मग गावं, देहू, पिंपरी-चिंचवडचा काठ, कारखाने. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी नदीत आलं की साबणासोबत मैलाही येतो. तो खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील, त्याचं माप म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा निकष आहे. कच्च्या घरगुती सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो. आता साधं गणित करा. २४० धरला, तर १ लिटर सांडपाणी ३ पर्यंत आणायला ७९ लिटर एकदम स्वच्छ पाणी मिसळावं लागेल. उन्हाळ्यात नदीत एवढं पाणी असतं का?

ऑक्सिजन संपला की मासे मरतात. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी पोसते. ती कुजली की उरलासुरला ऑक्सिजनही जातो. आणि मैल्यातले रोगजंतू? ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे फेस नसला तरी पाणी चांगलंच आहे असं नाही. फेस मारायचं औषध फवारलं तर फक्त एरर मेसेज लपतो.

हे आळंदीपुरतं थांबत नाही बरं का. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा पुढे उजनीत जाते आणि तिथून पंढरपूरला, जिथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. वारी पायी जाते, तसं हे पाणीही मागोमाग जातं.

मग करायचं काय? घरी पावडर मोजून टाका, चांगलंच आहे. पण खरं उत्तर नाल्यावर आहे. सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोचतंय का, प्रकल्प चोवीस तास चालतोय का, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे आकडे वेबसाइटवर टाकतं. तुमच्या गावाजवळचं ठिकाण शोधा, आकडा बघा आणि पुढच्या वेळी नगरसेवक किंवा सरपंच भेटले की फेसाबद्दल नको, त्या आकड्याबद्दल विचारा.

भेटू पुढच्या भागात.