बंबाचं घर

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. जेवण आटपून गप्पा ठोकायला बाहेर पडणार, तोच मोबाइल वाजला. ‘अगं, केशवराव पेटलंय!’ कोल्हापुरात ‘नाट्यगृह’ वगैरे कुणी म्हणत नाही. नुसतं केशवराव. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं, खासबाग मैदानाला खेटून असलेलं आपलं थिएटर डोळ्यांदेखत जळत होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती! गर्दीत मीही फोन वर धरून शूट करत होते. खोटं कशाला बोलू? मागून बंबाचा भोंगा वाजला तेव्हा कुठं बाजूला सरकले.

केशवराव पुन्हा दिमाखात उभं राहायलाच हवं, यावर गावात दुमत नाही. माझं डोकं मात्र त्या रात्रीपासून दुसरीकडंच अडकलंय. हा बंब जिथून निघतो, त्या घराचं काय? ताराराणी चौकातून आपण रोज ऑफिसला पळतो. तिथलं अग्निशमन केंद्र दिसतं, आणि दिसतही नाही.

फायर स्टेशनचं रिनोव्हेशन म्हणजे रंग, टाइल्स, नवी पाटी... असाच माझाही समज होता. पण खरा फंडा वेगळाच आहे, बॉस! अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेचं मानक सांगतं, की आगीची वर्दी मिळाल्यापासून ८० सेकंदांत गाडी हलली पाहिजे. आपण लिफ्टची वाट बघतो तेवढ्यात! म्हणजे झोपायची खोली कुठं, बूट कुठं, जिना किती अरुंद, यावर सगळा खेळ. १८७८ मध्ये शिकागोच्या फायरमननी खाली घसरायला खांब बसवला तो याच घाईपोटी. आता हातपाय मोडतात म्हणून परदेशात बरीच नवी केंद्रं तळमजल्यावरच बांधतात.

मला सगळ्यात हादरवलं ते काजळीनं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फायरमनचं काम थेट पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या पंगतीत. आगीतून आलेल्या कोटावर विषारी काजळी बसलेली असते. तोच कोट पलंगाशेजारी टांगला, की ती झोपेतही सोबतीला! म्हणून नव्या केंद्रात ‘मळका’ भाग आणि ‘स्वच्छ’ भाग वेगळे. कोट धुवायला वेगळं मशीन, आल्याआल्या अंघोळीची सोय, गाडीचा धूर बाहेर ओढणारे पाइप. जुनी इमारत बांधताना हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि मुलींचं काय? नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकरनं प्रवेश घेतला. तिथली पहिली मुलगी! म्हणजे त्याआधीच्या इमारतींत बायकांसाठी वेगळी खोली, वेगळं टॉयलेट कोण कशाला काढेल? नोकरीची दारं उघडली, तरी बाथरूमचं दार कुठं आहे, हा प्रश्न उरतोच.

पैसा? केंद्र सरकारनं २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. गाड्या घेतल्या की फोटो झक्कास येतो. धुलाई मशीनपुढं फीत कापायला कोण जाणार?

मी मात्र ठरवलंय. महापालिकेसाठी मत मागायला दारात कुणीही येऊ दे, चहा द्यायचा आणि विचारायचं, ‘साहेब, बंबवाल्यांचे कपडे कुठं धुतात हो?’